विमाने राखून ठेवण्याचा निर्णय : एअर चीफ मार्शल डाउडिंग, मे ते नोव्हेंबर १९४०

ह्यू डाउडिंग हे रॉयल एअर फोर्सच्या फायटर कमांडचे पहिले प्रमुख. १६ मे १९४० रोजी त्यांनी हवाई मंत्रालयाला दहा क्रमांकित परिच्छेदांचे एक पत्र लिहिले आणि फ्रान्सला आणखी लढाऊ विमाने देण्यास लेखी हरकत घेतली. मित्रराष्ट्र कोसळत असताना त्याला मदत नाकारा, असे आपल्याच सरकारला सांगणारे हे पत्र होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, राखलेल्या त्याच विमानांनी जर्मन हवाई दलाला दक्षिण इंग्लंडच्या आकाशात रोखून धरले आणि ब्रिटनवरची स्वारी टळली. त्यानंतर महिन्याभरातच, २४ नोव्हेंबर १९४० रोजी, डाउडिंग यांच्याकडून फायटर कमांड काढून घेण्यात आली. या घटनेकडे पाहताना बहुतेक जण कृतघ्नपणाची गोष्ट सांगून थांबतात. ती गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. मे महिन्यात जो स्वभाव देशाच्या कामी आला, त्याच स्वभावाने नोव्हेंबरमध्ये त्यांना एकटे पाडले, असे कागदपत्रांच्या आधारे दाखवता येते.

घडण

डाउडिंग यांचा जन्म २४ एप्रिल १८८२ रोजी स्कॉटलंडमधील मोफॅट या गावी झाला. वडील तिथेच मुलांची शाळा चालवत. विंचेस्टरची शाळा आणि वूलिचची लष्करी अकादमी झाल्यावर १९०० मध्ये ते तोफखान्यात दाखल झाले आणि जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असे फिरत हिंदुस्थानातही डोंगरी तोफखान्यात त्यांनी नोकरी केली. स्टाफ कॉलेजात असताना उड्डाणाचा नाद लागला, आणि १९१३च्या डिसेंबरात ब्रुकलंड्स येथे त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. अबोल, कुणाशी फारशी सलगी न करणारा आणि कागदावरच्या आकड्यांत रमणारा हा अधिकारी सहकाऱ्यांमध्ये ‘स्टफी’ (रुक्ष, ताठर) या टोपणनावाने ओळखला जाई. या टोपणनावात कौतुक फारसे नव्हते.

पहिल्या महायुद्धातला एक प्रसंग इथे नोंदवलाच पाहिजे. १९१६च्या सोमच्या लढाईत सतत उड्डाणे करून थकलेल्या स्क्वॉड्रनला (विमानपथकाला) विश्रांती द्यावी, असा आग्रह डाउडिंग यांनी धरला. फ्रान्समधल्या ब्रिटिश विमानदलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांना तो मुळीच रुचला नाही आणि डाउडिंग यांची रवानगी इंग्लंडला झाली. वैमानिक हा संपणारा साठा आहे, तो जपून वापरायचा असतो, ही त्यांची धारणा तेव्हापासूनची. वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी तिला मुरड घालणे त्यांना तेव्हाही जमले नाही.

१९३० मध्ये पुरवठा आणि संशोधनाचे खाते त्यांच्याकडे आले. नवी जबाबदारी घेऊन थोडेच दिवस झाले होते, तोच आर-१०१ हे प्रचंड हवाई जहाज कराचीकडे निघाले आणि ५ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये बोव्हे शहराजवळ कोसळून ४८ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणाला डाउडिंग यांची संमती होती. आणखी चाचण्यांचा आग्रह आपण धरायला हवा होता, असे त्यांनी पुढे स्वतःच म्हटले. तज्ज्ञांच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा प्रात्यक्षिक पाहण्याची त्यांची सवय या अपघाताने पक्की झाली असावी. १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी रेडिओलहरींनी विमान शोधता येईल असा प्रस्ताव मांडला, तेव्हा डाउडिंग यांनी गणित मान्य केले, पण पैसे देण्याआधी विमान सापडते हे दाखवा म्हणून अट घातली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथे बीबीसीच्या प्रक्षेपकाजवळून एक हेफर्ड बाँबफेकी विमान नेण्यात आले, त्याच्यावरून परतलेल्या लहरी उपकरणावर उमटल्या आणि रडारचे काम मार्गी लागले.

बेंटली प्रायरीची यंत्रणा

जुलै १९३६ मध्ये फायटर कमांड स्थापन झाली आणि लंडनच्या उत्तरेला स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरी या जुन्या वास्तूत तिचे मुख्यालय आले. बाँबफेकी विमान कसेही करून पोचणारच, असे स्टॅन्ले बाल्डविन यांनी चारच वर्षांपूर्वी संसदेत सांगितले होते, आणि हवाई दलातला बराच पैसा व मानही बाँबफेकी विमानांकडेच जात होता. अशा वातावरणात डाउडिंग यांनी बचावाची घडी बसवली. काँक्रीटच्या धावपट्ट्या, जमिनीखालच्या दूरध्वनी तारा, विमानाच्या समोरच्या काचेला गोळी न भेदेल असा जाडपणा, अशा वरवर किरकोळ दिसणाऱ्या मागण्यांसाठी ते मंत्रालयाशी वर्षानुवर्षे भांडत राहिले.

यंत्रणेचे काम समजून घेतल्याशिवाय १६ मेचे पत्र नीट कळत नाही. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यांची रडारसाखळी समुद्राकडून येणारी विमाने टिपे. किनारा ओलांडल्यावर रडार निरुपयोगी, म्हणून तिथून पुढे ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक दुर्बिणीने आणि कानांनी मागोवा घेत. रडारच्या सगळ्या खबरी आधी बेंटली प्रायरीच्या छाननी कक्षात येत, कारण एकाच थव्याची वर्दी तीन केंद्रांकडून तीन ठिकाणची म्हणून येई. छाननी झालेली माहिती मग एकाच वेळी मुख्यालयाच्या, ग्रुपच्या (प्रदेशवार विभागाच्या) आणि सेक्टरच्या (त्यातल्या पोटविभागाच्या) नकाशाटेबलांवर जाई.

या टेबलांपाशी एक बारीकशी युक्ती होती. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांत विभागलेली असे. हाती लांब दांडी घेतलेल्या महिला कर्मचारी नकाशावर ज्या खुणा सरकवत, त्यांचा रंग त्या क्षणी मिनिटकाटा ज्या पट्टीत असेल तोच असे. गॅलरीतून खाली पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळे की निळी खूण ताजी आहे आणि पिवळी मागच्या पाच मिनिटांची आहे. शिळी खूण उचलली जाई. शत्रू कुठे आहे यापेक्षा तो कुठे होता यावर विमाने पाठवली जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही सारी तजवीज होती.

फ्रान्समध्ये यातले जवळजवळ काहीच नव्हते. तिथल्या मैदानांवर उतरलेल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांना शत्रूची चाहूल बहुधा डोळ्यांनीच लागे, तळांवर अचानक हल्ले होत आणि दुरुस्तीअभावी बरी विमानेही माघार घेताना टाकून द्यावी लागत. तेच विमान इंग्लंडमधल्या केंटमधून यंत्रणेच्या आधाराने लढले तर त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढे. डाउडिंग यांचा हिशेब विमानांच्या संख्येचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी ही यंत्रणा होती.

सोळा मे

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्समध्ये घुसले. १४ मेच्या संध्याकाळी फ्रान्सचे पंतप्रधान पॉल रेनो यांनी आणखी दहा लढाऊ स्क्वॉड्रन मागितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चर्चिल यांना फोन करून आपला पराभव झाल्याचेच सांगितले. डाउडिंग यांनी मंत्रिमंडळापुढे स्वतः येऊन म्हणणे मांडण्याची परवानगी मागितली, आणि १५ मेला ते युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकीला हजर राहिले. हरिकेन विमानांच्या रोजच्या हानीचा आलेख त्यांनी चर्चिल यांच्यासमोर ठेवला. हानीचा हाच वेग आणखी काही दिवस राहिला तर फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये एकही हरिकेन उरणार नाही, असे त्या रेषेवरून दिसत होते.

या बैठकीभोवती पुढे बऱ्याच दंतकथा जमल्या. त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली, राजीनाम्याची धमकी दिली, असे सांगितले जाते. इतिवृत्तात त्याचा मागमूस नाही. त्या दिवशी नव्या स्क्वॉड्रन न पाठवण्याचे ठरले, एवढे खरे. मात्र ठरलेले टिकेल याची डाउडिंग यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी पत्र लिहिले.

पत्राची भाषा कोरडी आणि अत्यंत नेमकी आहे. देशाच्या संरक्षणासाठी ५२ स्क्वॉड्रन लागतील असा हवाई मंत्रालयाचाच शेवटचा अंदाज होता, याची त्यांनी आठवण करून दिली आणि आज आपल्याकडे ३६ स्क्वॉड्रनांएवढेच बळ उरले आहे, असे पुढे लिहिले. त्यानंतरची मागणी पत्राचा गाभा आहे. देशाच्या बचावासाठी किती बळ ठेवायचे ते मंत्रालयाने तातडीने ठरवावे, आणि ती मर्यादा गाठल्यावर, मदतीची हाक कितीही निकडीची असली तरी एकही लढाऊ विमान इंग्लिश खाडीपलीकडे जाणार नाही, असे आपल्याला आश्वासन द्यावे. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. पुरेसे लढाऊ बळ देशात राहिले, आरमार टिकले आणि गृहसेना सज्ज राहिली तर ब्रिटन एकटा बराच काळ लढू शकेल. फ्रान्समधली परिस्थिती सावरण्याच्या धडपडीत हे बळ ओसरून गेले, तर फ्रान्सच्या पराभवाबरोबर ब्रिटनचाही अखेरचा, संपूर्ण आणि भरून न येणारा पराभव होईल.

या मांडणीत विमाने द्यायची की नाही हा प्रश्न डाउडिंग यांनी आपल्याकडे घेतलाच नाही. आकडा तुम्ही ठरवा, पण ठरवा आणि लेखी सांगा, असे ते म्हणतात. रोज चार-दोन विमाने देत राहिले की कुणालाच मोठा निर्णय घेतल्यासारखे वाटत नाही आणि महिनाअखेर गंगाजळी रिकामी होते; ही पळवाट त्यांनी बंद केली. माझ्या मते या पत्राचे खरे बळ त्यातल्या गंभीर शेवटच्या वाक्यापेक्षा या मागणीत आहे.

पत्राने काय साधले

पत्र गेले आणि विमाने थांबली, असे घडले नाही. १६ मेच्या सकाळीच मंत्रिमंडळाने चार स्क्वॉड्रनांएवढी विमाने पाठवण्याचे मान्य केले. त्याच दिवशी चर्चिल पॅरिसला गेले, तिथली हवालदिल अवस्था त्यांनी पाहिली आणि आणखी सहा स्क्वॉड्रन द्याव्यात असा निरोप लंडनला धाडला. मंत्रिमंडळ रात्री बसले आणि होकार गेला. मात्र उत्तर फ्रान्समधल्या तळांवर एवढी विमाने मावणारच नव्हती, त्यामुळे या सहा स्क्वॉड्रन केंटमध्येच राहतील, रोज अर्ध्या सकाळी आणि अर्ध्या दुपारी फ्रान्सवर लढून परततील, अशी तोड निघाली. हवाई दलाचे प्रमुख सिरिल न्यूअल यांनी डाउडिंग यांचे पत्र तिन्ही दलांच्या प्रमुखांपुढे ठेवले आणि त्यांची बाजू उचलून धरली. न्यूअल यांचा हा वाटा सहसा विसरला जातो. १९ मेला चर्चिल यांनी यापुढे एकही स्क्वॉड्रन देशाबाहेर जाऊ नये, असा निर्णय दिला. तोवर फ्रान्सचा उत्तर भाग हातचा गेलाच होता.

फ्रान्सच्या लढाईत ब्रिटनने सर्व प्रकारची मिळून नऊशेहून अधिक विमाने गमावली आणि त्यांपैकी सुमारे निम्मी लढाऊ होती. स्पिटफायर या दुसऱ्या जातीच्या विमानांची एकही लढाऊ स्क्वॉड्रन मात्र डाउडिंग यांनी फ्रान्समधल्या तळांवर जाऊ दिली नाही. इंग्लंडची सुरक्षा पंचवीस स्क्वॉड्रनांत भागेल, असे डाउडिंग यांनीच आपल्याला सांगितले होते, असे चर्चिल यांनी युद्धानंतर आठवणींत लिहिले. डाउडिंग यांनी ते ठामपणे नाकारले. ५२चा आकडा लिहून देणारा माणूस त्याच आठवड्यात तोंडी पंचवीसवर येईल, हे मलाही पटत नाही.

उन्हाळा

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर हा ब्रिटनच्या लढाईचा अधिकृत काळ. तिचा दिवसवार वृत्तांत इथे देण्याचे कारण नाही. डाउडिंग यांचे जपण्याचे सूत्र तिच्यात कसे चालले, एवढेच पाहू. रोजची लढाई त्यांनी आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या ११ क्रमांकाच्या ग्रुपचे प्रमुख, न्यूझीलंडचे कीथ पार्क, यांच्यावर सोपवली आणि स्वतः राखीव बळाकडे लक्ष दिले. उत्तरेकडे स्क्वॉड्रन रिकाम्या कशाला बसवल्या, अशी कुरकूर चालू असताना १५ ऑगस्टला नॉर्वे आणि डेन्मार्कमधून आलेल्या जर्मन ताफ्याला त्याच स्क्वॉड्रनांनी जबर मार दिला. तिकडून दिवसा तसा मोठा हल्ला पुन्हा झाला नाही.

खरी टंचाई विमानांची नव्हती. मंत्री बीव्हरब्रुक यांच्या विमान उत्पादन मंत्रालयाने कारखान्यांचा वेग वाढवला होता. टंचाई होती तरबेज वैमानिकांची. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या पंधरवड्यात १०३ वैमानिक ठार आणि १२८ गंभीर जखमी झाले. थकलेली स्क्वॉड्रन मागे घेऊन ताजी पुढे आणायची हा रिवाज, पण ताज्या स्क्वॉड्रनच संपत आल्या. ८ सप्टेंबरला डाउडिंग यांनी स्क्वॉड्रनांची तीन वर्गांत विभागणी केली. पहिल्या वर्गातल्या पूर्ण ताकदीनिशी आघाडीवर, दुसऱ्या वर्गातल्या मोजक्या बदलीसाठी तयार, आणि तिसऱ्या वर्गात चार-सहा अनुभवी वैमानिकांभोवती नवशिके ठेवून त्यांना शिकवायचे. या निर्णयाने उत्तरेकडच्या अनेक पथकांचे मन दुखावले. एरवी त्यांना स्वतःलाही तो आवडला नसता, कारण एकत्र वाढलेली स्क्वॉड्रन मोडणे म्हणजे काय हे ते जाणून होते. त्यांचा मुलगा डेरेक त्याच उन्हाळ्यात स्पिटफायर चालवत होता.

सुमारे तीन हजार वैमानिक आणि विमानसैनिक या लढाईत उतरले. त्यांपैकी ५४४ जण लढाई संपेपर्यंत कामी आले.

दोन ग्रुपांचे भांडण

लंडनच्या उत्तरेकडच्या १२ क्रमांकाच्या ग्रुपचे प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांना पार्क यांची पद्धत पसंत नव्हती. एकेक-दोन-दोन स्क्वॉड्रन पुढे पाठवण्यापेक्षा पाच स्क्वॉड्रनांचा मोठा थवा एकत्र करून शत्रूवर तुटून पडावे, असे त्यांचे आणि स्क्वॉड्रन लीडर डग्लस बेडर यांचे मत होते. थवा जमवण्यात मोलाची मिनिटे जात, आणि पार्क यांचे तळ राखण्यासाठी बोलावलेली मदत कैकदा वरातीमागून घोडे अशी पोचे. तरीही मोठ्या थव्याने पाडलेल्या विमानांचे दावे घसघशीत असत. ते किती फुगलेले होते, हे युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्यावर कळले.

या ठिकाणी डाउडिंग यांची बाजू लंगडी पडते. दोन्ही ग्रुपप्रमुख त्यांच्या हाताखालचे होते. दोघांना समोरासमोर बसवून निकाल लावणे हे सर्वस्वी त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी वेळेवर केले नाही. अधिकाऱ्यांना आपापल्या कामात मोकळीक द्यावी हे तत्त्व चांगले, पण दोघांतले वितुष्ट लढाईच्या आड येऊ लागल्यावरही तटस्थ राहणे म्हणजे मोकळीक नव्हे. १७ ऑक्टोबरला हा वाद त्यांच्या हातातून निसटून हवाई मंत्रालयाच्या बैठकीत गेला. न्यूअल आजारी असल्याने त्यांचे उपप्रमुख शोल्टो डग्लस अध्यक्षस्थानी होते आणि त्यांचा मोठ्या थव्याकडचा कल उघड होता. ली-मॅलरी यांनी बेडर यांना, म्हणजे एका स्क्वॉड्रन लीडरला, सोबत आणले होते; पार्क यांच्या बाजूने लढलेला त्या दर्जाचा कुणीही तिथे नव्हता. बेडर यांच्या स्क्वॉड्रनचा ॲडज्युटंट (प्रशासकीय अधिकारी) संसद सदस्य होता आणि त्याने ही तक्रार थेट राजकीय वर्तुळात नेली होती. डाउडिंग यांना असल्या हालचालींचा वास लागत नसे, किंवा लागला तरी दखल घ्यावीशी वाटत नसे.

बदली

सप्टेंबरपासून जर्मन बाँबफेक रात्रीवर आली. दिवसाची यंत्रणा अंधारात आंधळी होती. एक आसनी हरिकेन रात्री वर पाठवा, निदान लोकांना धीर येईल, असा दबाव वाढला. माजी हवाई दलप्रमुख जॉन साल्मंड यांच्या समितीने त्याच दिशेने शिफारशी केल्या. डाउडिंग यांचे उत्तर ठरलेले होते. विमानात बसणारे रडार आणि ते वाहून नेणारे ब्यूफायटर विमान तयार होईपर्यंत दुसरा खरा उपाय नाही, आणि दिखाव्यासाठी वैमानिक गमावायला ते राजी नव्हते. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्री शहर बेचिराख झाले. १९ नोव्हेंबरच्या रात्री जॉन कनिंगहॅम यांनी ब्यूफायटरमधल्या रडारच्या साहाय्याने युंकर्स ८८ हे एक जर्मन बाँबफेकी विमान पाडले. डाउडिंग यांचे म्हणणे खरे ठरू लागले तेव्हा त्यांच्या हाती पाच दिवस उरले होते.

बदलीची पार्श्वभूमी जुनी आहे. १९३९ मध्ये त्यांना निवृत्त करायचे ठरले होते. नंतर मार्च १९४०, मग १४ जुलै, मग ऑक्टोबरअखेर, अशी मुदत तुकड्यातुकड्यांनी वाढत गेली. मार्चमधले मुदतवाढीचे पत्र निवृत्तीच्या आदल्या दिवसाचे आहे. जुलैमध्ये चर्चिल यांनी हवाई मंत्री आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांना पत्र लिहून डाउडिंग यांची पाठराखण केली, आणि ऑगस्टमध्ये मुदतीची अटच काढली गेली. नोव्हेंबरमध्ये त्याच चर्चिल यांनी बदलीला संमती दिली. चोवीस तासांत जागा सोडण्याचा हुकूम आपल्याला फोनवरून मिळाला, असे डाउडिंग पुढे सांगत. मंत्र्यांशी त्यांची या विषयावर आधी भेट झाल्याची नोंद आहे, म्हणून त्या कथनावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. त्यांच्या जागी शोल्टो डग्लस आले. डिसेंबरात पार्क यांना ११ ग्रुपमधून हलवले गेले आणि ती जागा ली-मॅलरी यांना मिळाली.

बदल करणेच चूक होते, असे मी म्हणणार नाही. ५८ वर्षांचा, चार वर्षांहून अधिक काळ एकाच पदावर राबलेला, आपल्या दोन प्रमुख सहकाऱ्यांतले भांडण न मिटवू शकलेला सेनापती बदलण्याला सबळ कारणे होती. पण ज्यांच्या हाती ती जागा गेली त्यांच्या नेमणुकीने मोठ्या थव्याचा वाद पुराव्याविना निकाली काढला. जानेवारी १९४१ मध्ये ली-मॅलरी यांनी सप्टेंबरमधल्या एका हल्ल्याची कागदावर पुनरावृत्ती करून आपली पद्धत वापरून पाहिली, तेव्हा विमाने जमिनीवर असतानाच केनली आणि बिगिन हिल हे तळ बाँबखाली आले. त्या वर्षी फ्रान्सवर आक्रमक फेऱ्या काढण्याचे धोरण आले आणि त्यात शेकडो वैमानिक गेले, जर्मनांचे नुकसान त्या मानाने थोडे झाले. डाउडिंग यांनी हे धोरण चालू दिले असते असे वाटत नाही.

त्यानंतर

डाउडिंग यांना विमान उत्पादन मंत्रालयातर्फे अमेरिकेला पाठवल्यावर तिथेही त्यांच्या स्पष्टवक्तेपणाने यजमान आणि मालक दोघेही अडचणीत आले. १९४१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लढाईचा अधिकृत वृत्तांत सादर केला; तो प्रसिद्ध व्हायला १९४६ उजाडले. १९४१ मध्येच हवाई मंत्रालयाने या लढाईवर काढलेल्या पुस्तिकेत डाउडिंग यांचे नाव एकदाही आले नव्हते, आणि ते पाहून चर्चिलसुद्धा संतापले. जुलै १९४२ मध्ये डाउडिंग निवृत्त झाले. नंतरच्या आयुष्यात परलोकविद्या आणि प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध या दोन विषयांनी त्यांना घेरले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी म्युरिएल यांनी सुरू केलेल्या ‘ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी’ या चळवळीची भारतातली संस्था पुण्यातून चालते, हे अनेक पुणेकरांनाही ठाऊक नसते.

१९४३ मध्ये त्यांना ‘बॅरन डाउडिंग ऑफ बेंटली प्रायरी’ हा किताब मिळाला. मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स या सर्वोच्च हुद्द्याचा विषयही निघाला, तेव्हा तो हवाई दलप्रमुख राहिलेल्यांनाच दिला जातो, असे मंत्रालयाने कळवले. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस आणि आर्थर हॅरिस यांना, दोघेही कधी हवाई दलप्रमुख नसताना, तो हुद्दा देण्यात आला. डाउडिंग १५ फेब्रुवारी १९७० रोजी टनब्रिज वेल्स येथे वारले, तेव्हाही ते एअर चीफ मार्शलच होते.